पत्रक क्रमांक एकेचाळीस

(लेबर रूमला लागून असलेली सिस्टरांची खोली. सकाळचे सव्वादहा. टेबलावर दोरीनं बांधलेला पत्रकांचा गठ्ठा.)

सिस्टर : आणि हा सोळावा प्रश्न कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला? "प्रसूतीदरम्यान मला सन्मानाने वागवण्यात आले. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत." बाई कळांनी टेबलाचा गज उपटायला निघालीय आणि तू तिला विचारणार, ताई, तुम्ही तटस्थ आहात का?

विद्यार्थिनी : कळा चालू असताना नाही विचारत, सिस्टर. चोवीस तासांनी विचारते.

सिस्टर : चोवीस तासांनी ती टाक्यांवर बसलेली असते. तेव्हा तर माणूस फारच तटस्थ असतो.

विद्यार्थिनी : ही पाच पर्यायांची पद्धत प्रमाणित आहे. पुष्कळ अभ्यासांमध्ये वापरलीय.

सिस्टर : असेल. तुझा निकाल काय आला?

विद्यार्थिनी : सत्त्याण्णव टक्के समाधानी.

सिस्टर : वा! विचारत कोण होतं? तू. अंगात काय? पांढरा कोट. मी कुठे? शेजारच्या पलंगापाशी. मग ती बिचारी काय सांगणार, सिस्टर माझ्यावर खेकसल्या म्हणून? संध्याकाळचं इंजेक्शन माझ्याच हातून घ्यायचंय तिला. सत्त्याण्णव टक्के! उरलेल्या तीन टक्के बायका कोण ते सांग, त्यांच्या पाया पडते.

विद्यार्थिनी : सिस्टर, तुम्ही पत्रावर सही करता का? डेटा गोळा करण्याचं काम आपल्या विभागात पूर्ण झालं, एवढंच लिहिलंय. दुपारी मला ते प्रबंधाच्या गाइडना द्यायचंय.

सिस्टर : करते ना. चाळीस दिवस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलीस, स्टूलसुद्धा सही करेल. पण बासष्ट पत्रकं आहेत इथे. एकसष्ट कर.

विद्यार्थिनी : म्हणजे?

सिस्टर : एकेचाळीस नंबरचं काढ.

विद्यार्थिनी : तुम्ही ती वाचलीत? सिस्टर, ती गोपनीय आहेत. सहभागी व्यक्तींची माहिती...

सिस्टर : गोपनीय होती तर माझ्या कपाटात का ठेवलीस, कापसाच्या बंडलांवर? काल दुपारी कापूस काढायला गेले, तर हीच हातात आली. बासष्टच्या बासष्ट वाचली. अक्षर सुधारलंय तुझं. पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा तुझे रिपोर्ट मला आरशात धरून वाचावे लागायचे.

विद्यार्थिनी : मला ते पत्रक काढता येणार नाही. नमुना बासष्टचा मंजूर झालाय.

सिस्टर : मग दुसरं भर. तू भरतेस काय आणि मी भरते काय. बसल्या जागी चार खुणा करायच्या.

विद्यार्थिनी : मी बसल्या जागी खुणा केलेल्या नाहीत. म्हणजे... बसले होते, पण जे घडलं तेच लिहिलंय.

सिस्टर : तुझा निरीक्षणाचा भाग वाचून दाखवू? मंगळवार, तीन नंबर टेबल. बाळ एक पन्नासला, वार पडली दोन वाजता. "दर पंधरा मिनिटांनी गर्भाशय हाताने तपासून घट्ट असल्याची खात्री केली का?" सव्वादोन, कोणीही नाही. अडीच, कोणीही नाही. पावणेतीन, कोणीही नाही. तीन वाजता, परिचारिका. तीनला तरी मला हजर दाखवलंस, उपकार झाले.

विद्यार्थिनी : तुमचं नाव कुठेही नाही. सगळं सांकेतिक आहे.

सिस्टर : त्या दिवशी लेबर रूममध्ये मी एकटी सिस्टर. दुसरी रजेवर. सांकेतिक कसलं आलंय त्यात डोंबल!

विद्यार्थिनी : आणि तुमचा चार्ट? तो तर मी लिहिलेला नाही ना? सव्वादोन, घट्ट. अडीच, घट्ट. पावणेतीन, घट्ट. तीन, घट्ट. पावणेतीनला त्या बाईखालची चादर टपटप गळत होती, सिस्टर.

सिस्टर : अस्सं. बोलायला लागली.

विद्यार्थिनी : तुम्ही ते चारही शब्द साडेचारला एकत्र लिहिलेत. एकाच पेनानं. मी बघत होते.

सिस्टर : तू बघतच होतीस, बाई, तेच तर म्हणतेय मी! एक नंबरला बाळाचा खांदा अडकला होता. डोकं बाहेर, अंग आत, आणि मी गुडघा टेबलावर टेकवून खेचतेय. दोन नंबरचीच्या पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, तिला म्हणतेय जोर लावू नको, श्वास घे. माझे हात दोन. तीन नंबरच्या पोटावर काय पाय ठेवणार होते? आणि त्याच खोलीत, तीन नंबरपासून चार हातांवर, पदवी घेतलेली, इथंच शिकलेली, धडधाकट नर्स बसलेली. तिचे हात कुठे होते? पॅडवर. कागदाच्या.

विद्यार्थिनी : मी सहभागी न होणारी निरीक्षक होते. निरीक्षकाने हस्तक्षेप केला तर सगळा डेटा...

सिस्टर : बिघडतो. हो ना. बाई बिघडली तर चालते.

विद्यार्थिनी : ती वाचली.

सिस्टर : वाचली, तुझ्यामुळे नाही. आणि माझ्यामुळेही नाही, असं तू मनात म्हणतेयस ते मला ऐकू येतंय. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंयस? मोठ्यानं वाच.

विद्यार्थिनी : नको.

सिस्टर : वाच.

विद्यार्थिनी : "दोन पस्तीस. माता वारंवार जांभया देते. पाणी मागते."

सिस्टर : बाळंतीण जांभया देते म्हणजे काय, ते मी तुला कितव्या वर्षी शिकवलं?

विद्यार्थिनी : पहिल्या.

सिस्टर : म्हणजे काय?

विद्यार्थिनी : आत रक्त जातंय.

सिस्टर : पाणी कुणाकडे मागत होती?

विद्यार्थिनी : माझ्याकडेच बघत होती. मी मान हलवली.

सिस्टर : छान. सन्मानानं वागवलंस.

मावशी : येऊ का आत?

सिस्टर : आता काय, मावशी?

मावशी : ऑफिसातून कागद आलाय. अकराला बोलावलंय चौकशी समितीपुढं. तीन ओळी समजल्या, चौथी समजत नाही. "विनापरवाना, हातमोजे न घालता, रुग्णाच्या उदरावर अनुचित दाब दिल्याने रक्तस्राव उद्भवल्याचे प्रथमदर्शनी..." प्रथमदर्शनी म्हणजे काय हो? पहिल्यांदा बघितल्यावर?

सिस्टर : वरवर बघता.

मावशी : मग बरोबर आहे. वरवरच बघितलंय.

विद्यार्थिनी : पण हे... मावशींनी दाबलं म्हणून रक्त गेलं, असा अर्थ होतो याचा. उलट आहे हे! सिस्टर, हे साफ उलट आहे!

सिस्टर : आवाज खाली. बाहेर पेशंट आहेत.

मावशी : त्या बाईच्या आईनं केलं हे. तिचा काही दोष नाही, चांगल्यासाठीच गेली बिचारी. साहेबांच्या खोलीत जाऊन हात जोडून म्हणाली, तुमच्या मावशींनी पोट चोळलं म्हणून माझी लेक राहिली. साहेबांनी लगेच विचारलं, मावशींनी? पोटाला हात लावला? झालं. आभार मानायला गेली आणि तक्रार करून आली.

विद्यार्थिनी : मावशी, नेमकं काय झालं होतं ते तुम्ही समितीला सविस्तर सांगा.

मावशी : सांगायला काय, फरशी पुसायला आत गेले. पुसते, परत लाल. पुसते, परत लाल. वर बघितलं तर चादरीची कड गळतेय. पोटाला हात लावला, तर पिशवी कुठं लागेचना. नुसतं मळलेलं पीठ. एवढा घट्ट गोळा पाहिजे, नारळासारखा. मग चोळली. एका हातानं चोळतेय आणि ओरडतेय, सिस्टर, सिस्टर! सिस्टर आल्या पळत, सुई दिली, डॉक्टर आले. दोन बाटल्या रक्त चढवलं. एवढंच. हातमोजे होते हो माझ्या हातात, फिनेलचे. ते काढूनच हात लावला. तेही चुकलं म्हणे.

विद्यार्थिनी : तुम्हाला हे कुणी शिकवलं?

मावशी : शिकवायचं काय त्यात? अकरा वर्षं बघतेय. तुम्ही बघून लिहिता, मी बघून शिकले. ज्याची त्याची पद्धत.

सिस्टर : मावशी, चार्टवर चारही वेळा घट्ट आहे. समिती चार्ट बघणार. मी तुम्हाला आधीच सांगते, मनाला लावून घेऊ नका. ताकीद देतील आणि सोडतील.

मावशी : सोडतीलच. कंत्राटवाला सकाळीच म्हणाला, मावशी, उद्यापासून दुसरी बाई बघितलीय. ताकीद पक्क्या नोकरीवाल्यांना असते, सिस्टर. आम्हाला सरळ रस्ता असतो.

सिस्टर : तो काहीही बरळतो.

मावशी : तो बरळतो, पण खरं बरळतो. साहेबलोक शुद्ध बोलतात, एवढाच फरक.

विद्यार्थिनी : मावशी, एक मिनिट. माझ्याकडे कागद आहे. त्या दिवशीचा, मिनिटामिनिटाचा. सव्वादोन आणि अडीचला कुणीही तपासलं नव्हतं, हे त्यात आहे. पेशंटची अवस्था तुम्ही हात लावायच्या आधीच बिघडली होती, हे त्यावरून सिद्ध होतं.

मावशी : तुम्ही लिहून ठेवलंय?

विद्यार्थिनी : हो.

मावशी : कधी लिहिलंत?

विद्यार्थिनी : तेव्हाच. त्या त्या वेळेला.

मावशी : म्हणजे मी आत यायच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं?

विद्यार्थिनी : मला वाटलं होतं की... माझी भूमिका निरीक्षकाची...

मावशी : मला काही म्हणायचं नाही, मॅडम. तुम्ही एवढं शिकलात, माझी कुठे पोच तुम्हाला बोलायची! मी आपली म्हणायची, पेनवाल्या मॅडम बसल्यात कोपऱ्यात, काहीतरी मोठं काम चाललंय. फरशी पुसताना तुमचे पाय वर घ्या म्हणायलासुद्धा जीव धजावायचा नाही. असलं काम होतं होय!

विद्यार्थिनी : हे पत्रक मी समितीला देते. पाकिटात घालून, नाव न घालता. संख्याशास्त्रीय माहिती म्हणून. गोपनीयताही राहील आणि तुमचंही...

सिस्टर : दे ना, दे. मावशी, ऐका, काय देतेय ते. वाच ग. पावणेतीन वाजता काय लिहिलंयस?

विद्यार्थिनी : पावणेतीनचं राहू दे.

सिस्टर : मी वाचते. "गर्भाशय चोळले. पर्याय : परिचारिका, डॉक्टर, कोणीही नाही." खूण कशावर?

विद्यार्थिनी : कोणीही नाही.

मावशी : पावणेतीनला तर मी होते.

विद्यार्थिनी : पत्रकात मावशी हा पर्याय नव्हता. पत्रक आधी छापलेलं होतं. पर्याय तीनच.

मावशी : म्हणजे कोणीही नाही ती मी.

सिस्टर : पाकिटात घालून हे पाठव. समिती काय म्हणेल? चार्ट म्हणतो घट्ट. पत्रक म्हणतं कुणी हातच लावला नाही. आणि पेशंटची आई म्हणते मावशीनं दाबलं. तीन कागद, तीन तऱ्हा, आणि अडकणार कोण? ज्यांचा कागदच नाही त्या.

विद्यार्थिनी : मी आत्ता लिहिते. खाली टीप घालते, "सफाई कर्मचाऱ्याने चोळले."

सिस्टर : आठ दिवसांनी? डेटा झाल्यावर? मग माझ्या चार घट्टमध्ये आणि तुझ्या टिपेमध्ये फरक काय राहिला?

विद्यार्थिनी : माझं खरं आहे!

सिस्टर : माझंही बहुतेक वेळा खरंच असतं. दहातल्या नऊ बायकांची पिशवी घट्टच असते. मी न बघता लिहिलं तरी नऊ वेळा बरोबर येतं. तीस वर्षांत अशीच सवय लागते. लाज वाटत नाही असं नाही, पण रोज वाटून घेतली तर ड्यूटी कधी करायची?

विद्यार्थिनी : तुम्हाला असं बोलवतं तरी कसं? एका चार्टसाठी मावशींची नोकरी जातेय. तुम्ही जाऊन एवढं म्हणा ना, की मी एकटी होते, मला जमलं नाही.

सिस्टर : मी म्हणू? निवृत्तीला चौदा महिने राहिलेत माझे. आणि समोर बसणार कोण? मेट्रनबाई, ज्यांनी शेवटची बाळंतीण कधी पाहिली ते त्यांना स्वतःला आठवत नाही. साहेब, ज्यांना चार टेबलांना एक सिस्टर हा आकडाच कधी टोचला नाही. त्यांच्यापुढे मी कबूल करू, आणि ते मला विचारणार, सिस्टर, असं कसं झालं? तोंडातून शिवी जाईल माझ्या.

विद्यार्थिनी : म्हणून तुम्ही गप्प बसणार.

सिस्टर : तू शिकव मला गप्प न बसायला! तुझ्या परवानगीच्या अर्जाची प्रत माझ्या फाइलला आहे. अर्ज माझ्या विभागातून वर गेला होता. अकराव्या पानावर काय लिहिलंयस?

विद्यार्थिनी : अकराव्या पानावर... नैतिक बाबी आहेत.

सिस्टर : मुद्दा चौथा.

विद्यार्थिनी : आठवत नाही.

सिस्टर : घे, ही फाइल. मावशींनाही ऐकू दे.

विद्यार्थिनी : "निरीक्षणादरम्यान मातेच्या किंवा बाळाच्या जिवास धोका आढळल्यास निरीक्षक निरीक्षण तत्काळ थांबवेल व स्वतः मदत करेल." ...हे मी...

सिस्टर : खाली सही कुणाची?

विद्यार्थिनी : माझी. हे पान मी सीनियरच्या प्रबंधातून उतरवलं होतं. सगळेच उतरवतात. नैतिक बाबींचं पान सगळ्यांचं सारखंच असतं.

सिस्टर : वाचलं होतंस?

विद्यार्थिनी : नाही.

मावशी : म्हणजे उठायची परवानगी होती त्यांना?

सिस्टर : परवानगी कसली, मावशी, लिहून दिलं होतं तिनं. न वाचता. आता बोला, कुणी कुणाला नावं ठेवायची?

मावशी : मी कुणाला ठेवत नाही. तुम्ही दोघी ठेवताय एकमेकींना. अर्धा तास ऐकतेय. तुझं पान, माझा चार्ट, तिचा रकाना. ती बाई, आता वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर आहे ती, तुमच्या दोघींच्या बोलण्यात एकदा तरी आली का? आठ दिवस झाले, अजून उठून बसवत नाही तिला. पांढरीफटक पडलीय. बाळ छातीशी धरायला गेली की हात कापतात. मीच धरून देते रोज, सकाळी आणि दुपारी. उद्या मी नसले तर कोण देणार ते बघा, एवढंच सांगायला आले होते. कागद वाचून घ्यायचं निमित्त होतं.

सिस्टर : मावशी...

मावशी : नाही, सिस्टर, राहू दे. तुमच्या हाताखाली पुष्कळ चांगल्या गोष्टी बघितल्या मी. त्या दिवशी ते खांदा अडकलेलं पोर तुम्ही काढलंत, तेही बघितलं. पण नंतर चार्ट लिहायला बसलात तेव्हा मी त्याच खोलीत चादर भिजत घालत होते. एकदा मान वर करून विचारलं असतंत, मावशी, पिशवी कशी लागली? तर मी सांगितलं असतं.

विद्यार्थिनी : मावशी, मी येते तुमच्याबरोबर. पत्रक राहू दे इथेच. मी तोंडी सांगते.

सिस्टर : काय सांगणार?

विद्यार्थिनी : की मी पाहिलं. पावणेतीनला मावशींनी चोळलं, आणि त्याआधी अर्धा तास रक्त जात होतं.

सिस्टर : पुढचा प्रश्न मी आत्ताच सांगते. अर्धा तास तुम्ही काय करत होतात?

विद्यार्थिनी : खुणा करत होते, असं सांगेन. आणि तिनं पाणी मागितलं तेही सांगेन.

सिस्टर : प्रबंध गेला म्हणून समज. गाइड तुला दारात उभी करणार नाही. नर्सेस कौन्सिलला कळलं तर रजिस्ट्रेशनवर येईल.

विद्यार्थिनी : माहीत आहे.

सिस्टर : माहीत नाही तुला. तुला फक्त आत्ता लाज वाटतेय. लाज संध्याकाळपर्यंत उतरते, मग मागे फक्त कागद उरतात.

विद्यार्थिनी : उतरायच्या आत जाते मग.

सिस्टर : माझं नाव घेणार?

विद्यार्थिनी : चार्ट कुणी लिहिला, असं विचारलं तर घेईन. तुम्ही एकट्या होतात, तेही सांगेन. खांद्याचंही.

सिस्टर : माझी वकिली नको करू. जा. सही करून ठेवते तुझ्या पत्रावर. आता त्याचा काय उपयोग होणार आहे ते तुला कळेलच.

मावशी : अकराला दहा कमी आहेत. मी आधी नऊ नंबरला जाऊन येते, बाळाची वेळ झालीय. तुम्ही व्हा पुढं, मॅडम.

विद्यार्थिनी : नाही, एकदमच जाऊ. तुम्ही तिला मागून आधार द्या. बाळ मी धरते.

मावशी : तुम्ही?

विद्यार्थिनी : हो. मला येतं, मावशी.

मावशी : तिकडे नळ आहे, साबण खाली ठेवलाय. आधी हात धुवा.